लोणीमामाचा गिलावा

लोणीमामाला खऱ्या नावाने हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं. त्याने केलेल्या भिंतीवरून हात फिरवला की तो लोण्यावरून घसरावा तसा घसरायचा, म्हणून तो लोणी. आणि केस पिकले तसा मामा. गवंडी गावात पुष्कळ होते, पण गिलाव्याचा शेवटचा हात मारायचा तर तो मामानेच, हे ठरलेलं. मामा कुणाच्याही घरी गेला की आधी बसायचा नाही. भिंतीवर तळवा टेकवायचा, खालून वर न्यायचा आणि काम दुसऱ्या कुणाचं असेल तर नुसतं 'हं' म्हणायचा. त्या एका 'हं'ने भल्याभल्या गवंड्यांची तोंडं उतरली होती.

मामाला गर्व होता, हे उघडच आहे. तो त्याला शोभतही होता. शोभणारा गर्व स्वस्त पडतो असं मात्र नाही.

त्याचा धंद्यातला एक नियम होता आणि तो त्याने हाताखालच्या प्रत्येक पोराच्या डोक्यात हातोडीने ठोकल्यासारखा ठोकला होता: खराब गिलावा झाकायचा नसतो, खरवडायचा असतो. भेगेवर लेप लावणारा, पोपड्यावर रंग फासणारा गवंडी त्याच्या लेखी चोर होता. स्वतःच्या भिंतींना तो रंग लावूच द्यायचा नाही. "रंग म्हणजे खोट लपवायची सोय," म्हणायचा. "माझ्या भिंतीत खोट असली तर मला बोलवा, मी माझ्या हाताने पाडीन."

आता त्या लोण्याचं गुपित. गावाच्या वरच्या अंगाला सोन्याची खाण होती. डोंगर फोडायचा, दगड दळायचा, त्यातलं चिमूटभर सोनं घ्यायचं आणि उरलेली सगळी करडी माती बाजूला ओतायची, हा तिचा उद्योग. त्या मातीची टेकडी गावापेक्षा उंच झाली होती. माती इतकी बारीक की चाळणीची गरजच नाही. सिमेंटमध्ये कालवली की गिलावा घोटायच्या गुरमाळ्याखाली अशी बसायची की एक भेग पडेल तर शपथ. मामाने ती पहिल्यांदा वापरून पाहिली, मग बाकीच्यांनी मामाचं पाहून. खाणवाल्यांना सोन्याशी मतलब; उरलेलं कोण नेतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही आणि त्यात काय आहे तेही कधी सांगितलं नाही. बघता बघता अर्ध्या गावाच्या भिंती त्या टेकडीच्या झाल्या.

मामाची एकुलती एक लेक लांबच्या शहरात दिली होती. जावई ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावरच असायचा. नात झाली तेव्हा मामा एकदा तिकडे जाऊन आला. भाड्याची एकच खोली, कोपऱ्यात ओल, छताला पोपडे. मामा तिथे चहादेखील धड प्यायला नाही. "माझी नात हे पोपडे मोजत मोठी होणार? ते काही नाही. चल घरी," म्हणून लेकीला घेऊनच आला. मागच्या अंगाला नातीसाठी नवी खोली बांधली आणि तिचा गिलावा असा केला की जुने गवंडी बघायला आले. आयुष्यभराचं कसब त्याने त्या चार भिंतींवर ओतलं. रंग अर्थातच नाही.

नातीला सगळे मुंगी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरायची नाही आणि खाली पडलेला प्रत्येक कण उचलून तोंडात घालायची. तिची गादी भिंतीला लागून होती. झोप येईपर्यंत ती भिंतीवर बोटं घासायची आणि मग तीच बोटं चोखत झोपायची. मामी एकदा ओरडली तर मामा हसून म्हणाला होता, "चाटू दे गं. आजोबाचं लोणी आहे."

हिवाळा सरता सरता मुंगीचं पोट दुखायला लागलं. आधी वाटलं दात येताहेत, मग वाटलं जंत असतील. उलट्या सुरू झाल्या. पण खरी भीती वेगळीच होती. पोपटासारखी बोलणारी पोर एकेक शब्द विसरत चालली. कुत्र्याला 'भू' म्हणायची, तो शब्द गेला, 'पाणी' गेलं, आणि एके दिवशी 'आजो' पण गेलं. ती मामाकडे नुसती बघत राहिली. मग एका दुपारी आईच्या मांडीवर तिचे डोळे पांढरे झाले, हातपाय ताठले, आणि घरातले सगळे तिला उचलून दवाखान्याकडे धावले.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. उत्तर आलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मुंगीच्या रक्तात शिसं होतं, आणि ते फार होतं.

"शिसं?" मामी म्हणाली. "पण आमच्याकडे पेन्सिल कुणी वापरतच नाही हो."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "पेन्सिलीत शिसं नसतं, आजी. हे तुमच्या घरातून कुठून तरी येतंय. मी औषध देते, त्याने अंगातलं शिसं थोडं थोडं निघेल. पण ती घरी जाऊन पुन्हा तेच खाणार असेल तर औषधाने उलट अपायच होईल. कुठून येतंय ते सापडेपर्यंत मी तिला सोडणार नाही. आणि उशीर केलात तर गेलेले शब्द परत येतील, असा शब्द मी देऊ शकत नाही."

मग शोधाशोध. मामाने घर उलटंपालटं केलं. भांडी बदलली, खेळणी जाळली, पाण्याची टाकी घासली, शेजारणीने दिलेलं काजळ फेकून दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं चाललं होतं. रोज दवाखान्यात जायचा, काचेतून पोरीकडे बघायचा आणि घरी येऊन पुन्हा एखादं फडताळ रिकामं करायचा.

शेवटी डॉक्टरबाईंनी एका तपासनीस बाईला पाठवलं. तिच्या हातात पिस्तुलासारखं यंत्र होतं. ज्या वस्तूला ते टेकवायचं, त्यात शिसं किती ते यंत्राच्या पडद्यावर दिसायचं. तिने अंगणात काढलेला सामानाचा ढीग पाहिला आणि भुवया उंचावल्या. स्वयंपाकघर पाहिलं, चौकट पाहिली. लेक दवाखान्यात पोरीजवळ होती. मामी आणि मामा तिच्या मागे मागे फिरत होते. मागच्या खोलीच्या दाराशी आल्यावर मामा म्हणाला, "इथे वेळ घालवू नका ताई. ही खोली मी स्वतः केलीय."

तिने यंत्र भिंतीला टेकवलं.

ती गादीशेजारी वाकली, बरोबर मुंगीच्या तोंडाच्या उंचीवर पुन्हा टेकवलं. मग दुसऱ्या भिंतीला. मग आपलं यंत्रच बिघडलंय की काय म्हणून स्वतःच्या चपलेला.

"काका, ह्या गिलाव्यात माती कुठली आहे?"

"टेकडीवरची," मामा म्हणाला. "सगळेच वापरतात."

"सगळेच?" तिचा चेहरा पडला. "ह्यात शिसं आहे, काका. भरपूर. मुलीला ह्या घरात आणू नका. मी डॉक्टरांशी बोलते, मग काय करायचं ते सांगते तुम्हाला." आणि ती घाईघाईने बाहेर पडली, बहुधा शेजारची भिंत बघायला.

मामा मुंगीच्या गादीवर बसला. समोर त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली भिंत होती. खालच्या बाजूला बोटभर जागा पुसट झाली होती, पोरीने बोटं घासून घासून. इतके दिवस ती जागा त्याला दिसली नव्हती असं नाही. दिसली होती आणि त्याला तिचं कौतुक वाटलं होतं.

तो उठला आणि छिन्नी-हातोडी घेऊन आला.

"अहो, थांबा ना जरा," मामी म्हणाली. "सांगते म्हणाल्यात ना त्या?"

"त्या काय सांगणार? त्या गवंडी आहेत का? खराब गिलावा आहे, खरवडायचा. दगड दिसेपर्यंत खरवडतो. पोर घरी यायच्या आत इथे एक कण ठेवणार नाही मी."

आणि तो तुटून पडला. ज्या हातांनी लोणी लावलं होतं त्याच हातांनी. ढलप्या खाली पडत होत्या, त्यांचं पीठ होत होतं आणि ते पीठ खोलीभर उठत होतं. मामीने तोंडाला पदर लावला आणि घमेलं भरून भरून ती अंगणात ओतू लागली. फोन वाजत होता. हातोडीच्या आवाजात तो कुणाला ऐकू येणार? खिडकीतून करडा लोट बाहेर गल्लीत जात होता.

लोट बघून माणसं जमली. सगळ्यात पुढे डावखुरा, मामाचा जुना चेला, आता स्वतः गवंडी. "मामा, स्वतःची भिंत पाडताय? डोकं फिरलं काय?"

मामाने लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "विष आहे हे. टेकडीच्या मातीत शिसं आहे. माझ्या मुंगीला मी माझ्या हाताने विष लावून दिलं. तुमच्या घरातही मीच लावलंय. बघत काय बसलात? जा, खरवडा!"

माणसं गेली. मामाचा शब्द गिलाव्याच्या बाबतीत कोणी आजवर मोडला नव्हता.

तीन भिंती उघड्या पडल्या होत्या तेव्हा लेक धावत आली. दवाखान्यापासून घरापर्यंत ती धावतच आली असावी, कारण दारात उभं राहून तिला बोलताच येईना. तिने खोली पाहिली, बापाला पाहिलं. बाप डोक्यापासून पायापर्यंत करडा झाला होता, पापण्यासुद्धा. तो तिच्याकडे दोन पावलं आला तशी ती किंचाळली, "जवळ येऊ नका!"

मामा जागच्या जागी थिजला.

"किती फोन केले बाबा! हात लावू नका म्हणून सांगायचं होतं. भिंतीला हात लावायचा नाही, खरवडायचं नाही, झाडू मारायचा नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, भिंतीवर आहे तोवर ते निदान भिंतीवर आहे. तिची बोटं पोचायची तेवढंच तिच्या पोटात जात होतं. एकदा धूळ झाली की ती श्वासात जाते, अन्नात जाते, अंथरुणात बसते, आणि मग ती काढता काढता जन्म जातो." ती रडायला लागली. "झाकायचं होतं, बाबा. नुसतं झाकायचं होतं."

मामाच्या हातातून हातोडी गळून पडली. आणि ती पडल्यावर घरात शांतता झाली, म्हणून त्याला बाहेरचा आवाज ऐकू आला. ठक. ठक. ठक. शेजारून येत होता. पलीकडच्या गल्लीतून येत होता. वरच्या आळीतून येत होता. सगळ्या गावात छिन्न्या चालल्या होत्या, आणि प्रत्येक घरात मुलं होती.

चप्पल न घालता मामा धावत सुटला.

डावखुऱ्याचं घर पहिलं. तो भिंतीला लावलेल्या शिडीवर चढलेला, आणि आतल्या खोलीत पाळणा. "थांब! थांबव ते! पोराला बाहेर काढ आधी!"

"अहो मामा, आत्ता तर तुम्हीच..."

"मी चुकलो! मी गाढव आहे! पोराला उचल म्हणतो ना!" मामाने कोपऱ्यातली बादली उचलून भिंतीवर, जमिनीवर, डावखुऱ्याच्या अंगावरही पाणी ओतलं. डावखुऱ्याची बायको ओलं तान्हं छातीशी धरून बाहेर पळाली. "आता ओली चादर लाव दाराला आणि माझ्याबरोबर चल. तू त्या गल्लीत जा, मी ह्या."

काही घरांनी ऐकलं. काहींनी दार लावून घेतलं. चक्कीवाल्याच्या घरासमोर मात्र सगळं अडलं. त्याचं घर मोठं, माणसं पुष्कळ, आणि त्याचे दोन भाऊ शिड्यांवर चढून दोन भिंतींवर हातोड्या चालवत होते. चक्कीवाला दारातच आडवा उभा राहिला.

"मघाशी म्हणालास खरवडा, आता म्हणतोस झाका. आम्हाला काय खुळे समजतोस? उद्या तपासायला साहेब येतील. गिलावा कुणी केला विचारतील. म्हणून झाकायला सांगतोयस होय? स्वतःचं पाप झाकायला?"

मागे माणसं जमली होती. कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. चक्कीवाल्याने मामाच्या शर्टाला धरलं, आणि त्या झटक्यासरशी शर्टातून धूळ उडाली.

"पाप माझंच आहे," मामा म्हणाला. "साहेब आले की मी स्वतः सांगतो त्यांना, भिंत न् भिंत दाखवतो. मग मला मारायचं तर मार. पण आधी त्या दोघांना खाली उतरव. अरे, तू पिठाचा धंदा करतोस! गोणीत बांधलेलं पीठ कधी तुझ्या नाकात जातं का? चक्की सुरू केलीस की तुझ्या भुवयांवर बसतं, चहात पडतं, घरी बायको तुझा शर्ट झटकते तेव्हा तिच्या नाकात जातं. भिंत ही गोणीच होती रे. मी माझी फोडली. माझी लेक मला तिच्याजवळ येऊ देत नाहीये. तू तुझी फोडू नकोस."

चक्कीवाल्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. शर्ट धरलेली बोटं करडी झाली होती. त्याने ती विजार सोडून दुसरं कुठे पुसावीत हे न कळून तशीच हवेत धरली. मग मागे वळून ओरडला, "उतरा खाली! उतरा म्हणतो ना!"

संध्याकाळपर्यंत गावातली शेवटची छिन्नी थांबली. तोवर जे उडायचं ते उडून गेलं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते मामालाच ठाऊक. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून त्याच्या घरातल्या गाद्या, चादरी, पडदे सगळं गुंडाळून नेलं. घर ओल्या फडक्यांनी पुसलं, पुन्हा पुसलं, पुन्हा पुसलं. आणि मग मामाने चेल्यांना बरोबर घेऊन गावभर ते काम केलं ज्यासाठी त्याने आयुष्यभर लोकांना चोर म्हटलं होतं. चांगल्या भिंतींवर जाड तेलरंगाचे थरावर थर. जिथे रंगाने भागत नव्हतं तिथे फळ्या ठोकून फटी बुजवणं. तो फासत होता आणि कुणी टोमणा मारला तर खाली मान घालून ऐकत होता. "मामा, ही खोट लपवायची सोय ना?" असं एका म्हाताऱ्या गवंड्याने विचारलं. "हो," मामा म्हणाला आणि ब्रश बुडवला.

साहेब आले तेव्हा मामाने खरंच सगळं सांगितलं. खाणवाल्यांनी टेकडीभोवती तारेचं कुंपण घातलं आणि 'प्रवेश निषिद्ध' अशी पाटी लावली. वाऱ्याला वाचता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मुंगीच्या रक्तातलं शिसं उतरू लागलं. 'पाणी' परत आलं. बाकीचे शब्द कधी येतील, सगळे येतील का, ते डॉक्टरबाई सांगेनात. पण आता तिला सोडायला हरकत नव्हती, घर चांगलं असेल तर.

तपासनीस बाई पुन्हा यंत्र घेऊन आली. मागच्या खोलीत फळ्या ठोकल्या होत्या, वर तेलरंग. तिने सगळीकडे टेकवून पाहिलं आणि म्हणाली, "भिंती आता ठीक आहेत."

लेकीचा चेहरा उजळला. पण ती बाईकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. एवढं सगळं होऊनही. "बाबा, आणू ना तिला घरी?"

आयुष्यभर लोकांनी मामाला विचारलं होतं, मामा, नव्या घरात राहायला येऊ ना? आणि मामाने छातीठोकपणे सांगितलं होतं, खुशाल या. आता त्याने उघड्या दारातून अंगणाकडे पाहिलं. वारा सुटला होता. त्याने उंबऱ्यावर बोट फिरवलं. सकाळीच पुसलेला उंबरा, तरी बोटाला बारीक करडं काहीतरी लागलं.

"नको," तो म्हणाला. "नवऱ्याकडे घेऊन जा तिला."

"त्या ओलीत? तुम्हीच तर..."

"ओलीने सर्दी होते. सर्दी बरी होते. घेऊन जा म्हणतो ना. आणि मी बोलावलं तरी येऊ नकोस."

मामी तोंड फिरवून आत गेली. मामा तिथेच उभा राहिला, कारण बसला असता तर रडला असता, आणि रडला असता तर लेक राहिली असती.

बसस्टँडवर तो सगळ्यात आधी जाऊन थांबला होता. अंघोळ दोनदा केलेली, शर्ट नवाकोरा, अजून घडीच्या खुणा होत्या. लेक मुंगीला घेऊन आली. मुंगी बारीक झाली होती. डोळेच तेवढे मोठे दिसत होते. तिने आजोबाला पाहिलं, शब्द शोधला, तो सापडला नाही, म्हणून दोन्ही हात पुढे केले.

मामा मागे सरकला.

"घ्या ना बाबा," लेक म्हणाली. "अंघोळ झालीय, कपडे नवे आहेत. डॉक्टरबाई काही म्हणणार नाहीत."

मामाने आपले हात उलटे करून पाहिले. नखांच्या कडांना, बोटांच्या भेगांत, चाळीस वर्षांचं ते करडं तसंच होतं. सकाळी ब्रशने घासून रक्त काढलं होतं, तरी तसंच. बस सुरू झाली. मुंगीने हात खाली घेतले नव्हते.

तेव्हा त्याने, पिठात हात माखलेली बाई रडणारं पोर कोपरांनी उचलते तसं, मुंगीला दोन्ही कोपरांत धरून उचललं. बोटं लांब, हवेत, ताठ ठेवली. पोरीने मान त्याच्या खांद्यावर टाकली. कंडक्टरने घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, लेकीने बॅग वर चढवली आणि हात पुढे केले, तोवर मामाने तिला तसंच धरून ठेवलं.